आइस टी गढूळ झाला म्हणजे पावडर भेसळीची नव्हे

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर फ्रूट आइस टीची एक कृती फिरू लागते. घरचीच चहा पावडर दहा मिनिटं खळखळून उकळा, गरम असतानाच फळांचे तुकडे टाका, जग लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर प्या. खाली इशारा: चहा गढूळ झाला किंवा लिंबू पिळल्यावर रंग उडाला, तर पावडरीत भेसळ आहे. या इशाऱ्यापायी चांगली पावडर कचऱ्यात जाईल, म्हणून आधी त्याचंच बघू.

चहा गार होताना त्यातली टॅनिनं (तुरटपणा देणारी द्रव्यं) आणि कॅफिन एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगू लागतात. चहा जितका कडक, तितका गढूळ. आसामच्या सीटीसीत, म्हणजे दाणेदार चहात, हे पटकन दिसतं, निलगिरीच्या पानांच्या चहात फारसं दिसत नाही. खात्री करायची तर गढूळ कोरा चहा पुन्हा गरम करा, निवळतो. लिंबाचंही तसंच: चहाला लालसर तपकिरी रंग देणारे घटक आम्लात फिकट होतात. रंगाची भेसळ तपासायची तर कोरडी पावडर गाळण कागदावर पसरा, थोडं पाणी शिंपडा, मग पावडर धुऊन कागद उजेडात धरा. डाग उमटले तर शंका रास्त.

‘दहा मिनिटं उकळा.’ दूध घातलं की तुरटपणा झाकला जातो, इथे दूध नाही. गारव्यात गोडी कमी जाणवते आणि कडूपणा अंगावर येतो. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा. त्यात पानांचा चहा 10 ग्रॅम घालून चार मिनिटं झाका. सीटीसी असेल तर 6 ग्रॅम आणि दोनच मिनिटं. गाळताना चोथा दाबू नका, सगळा तुरटपणा खाली उतरतो. 50 ग्रॅम साखर याच वेळी विरघळवा. गार चहात ती तळाशी बसते.

मग ‘लगेच फ्रिजमध्ये’ नको. एकदम गारठला की गढुळतो. तासभर ओट्यावर निवू द्या, पाव लिटर गार पाणी घाला, आणि बर्फ पेल्यात. बर्फ वितळून पातळ होणार हे धरूनच चहा कडक केलेला असतो.

फळं गरम चहात शिजतात, वास उडतो. 200 ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून दोन चमचे साखरेत अर्धा तास ठेवा, कुस्करून गाळा आणि तो रस गार चहात मिसळा. मग एक चमचा लिंबूरस. हापूसचा रस मात्र थेट ओतला तर तळाशी बसतो. 100 ग्रॅम रस तेवढ्याच पाण्यात सैल करून गाळा आणि पिण्याआधी ढवळा. कोकणातल्या चवीला अमृत कोकम उत्तम: पेल्याला दोन चमचे, आणि चहातली साखर निम्मी. कोकमाचं आगळ (बिनसाखरेचा दाट रस) नको, त्यात मीठ असतं.

‘आठवडाभर टिकतो’ हे सर्वांत धोक्याचं. साखर आणि फळाचा रस एवढ्या पाण्यात असला की तो आंबतो. कोरा चहा फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा, फळ घातलेला त्याच दिवशी संपवा. बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर ओतून द्या.