जन्मतारीख टाका आणि एंटर दाबा

ओपन सोर्सवाल्यांनो, आधी अभिनंदन. वर्षानुवर्षं रात्री जागून कुणालाही वाचता-बदलता येईल असा कोड फुकट लिहिलात, कुणी साधी विचारपूस केली नाही. आता कॅलिफोर्नियाने थेट कायद्यात जागा दिली आहे. वापरणाऱ्याचा वयोगट ॲपना कळवायला लावणारा त्यांचा एबी १०४३ हा कायदा म्हणतो, जो कुणी ऑपरेटिंग सिस्टिम विकसित करतो, तिचा परवाना देतो किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवतो, तो 'ऑपरेटिंग सिस्टिम पुरवठादार'. म्हणजे ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि तुम्ही, सगळे एकाच पंगतीत.

गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केली, अंमल १ जानेवारी २०२७ पासून. खातं तयार होताना वय किंवा जन्मतारीख विचारायची, आणि पुढे एखाद्या ॲपने चौकशी केली की वापरणारा १३ च्या आतला, १३ ते १५ मधला, १६-१७ चा की सज्ञान, एवढं निमूट सांगायचं. ओळखपत्र मागायची सक्ती नाही. खातं उघडणारा सांगेल ते खरं.

मग घाबरता कशाला? हे काम तुमच्या हाताखालचं आहे. डेबियन या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर नवा वापरकर्ता बनवायला गेलात की ॲडयूजर ही आज्ञा आजही पूर्ण नाव विचारतो, मग खोली क्रमांक, मग ऑफिसचा फोन, मग घरचा फोन. खोली क्रमांक! तो प्रश्न कुणी कधी भरल्याचं मी पाहिलेलं नाही. एंटर, एंटर, एंटर, शेवटी 'माहिती बरोबर आहे का?' तर हो, अगदी बरोबर आहे. याच रांगेत जन्मतारीख घुसवा. कुणी रिकामी सोडली तर युनिक्स या जुन्या सिस्टिमच्या रिवाजाने शून्य धरा; तिथे वेळ मोजायला सुरुवातच होते १ जानेवारी १९७० पासून. एका झटक्यात अर्धं जग एकाच दिवशी जन्मलेलं निघेल, सगळे समवयस्क आणि सगळे सज्ञान. कायदा खूश, तुम्ही खूश.

काही किरकोळ अडचणी येतील. तुमच्या मशीनवर 'रूट' राहतो, 'डेमन' राहतो आणि 'नोबडी' नावाचाही एक गृहस्थ राहतो; ही सगळी सिस्टिमची स्वतःची खाती, माणसं नव्हेत. त्यांना जन्मतारखा द्या. नोबडीची तारीख कुणालाच ठाऊक नाही, पण नावावरून ते अपेक्षितच होतं. शिवाय टेस्ट चालवायला दिवसातून शेकडो कंटेनर, म्हणजे तात्पुरत्या छोट्या सिस्टिम्स, जन्माला येतात आणि मिनिटभरात मरतात. सगळे १३ च्या आतच गेले, बिचारे.

आता दंड. निष्काळजीपणा झाला तर बाधित मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत, जाणूनबुजून केलंत तर ७,५०० पर्यंत. शंभर मुलं धरा: साडेसात लाख डॉलर. तुमच्या प्रकल्पाच्या देणगीच्या खात्यात डोकावून बघा, डोमेनची फी भरून काही उरलंय का. परवान्यात तुम्ही 'कसलीही हमी नाही' हे ठळक अक्षरांत ओरडून सांगितलंय खरं, पण त्यावर विसंबून झोपू नका. नोटीस कुणाच्या नावाने काढायची हा प्रश्न मात्र सरकारपुढेही आहे. एकट्या डेबियनचे हजारभर डेव्हलपर जगभर विखुरलेले आहेत. तरी सौजन्य म्हणून प्रत्येकाने दारावर पाटी लावावी: ऑपरेटिंग सिस्टिम पुरवठादार, भेटीची वेळ रात्री अकरानंतर.

कुणी शहाणा सुचवेल की परवान्यात 'कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांनी वापरू नये' अशी ओळ टाका आणि मोकळे व्हा. टाका. फक्त ओपन सोर्सच्या व्याख्येतलं पाचवं कलम व्यक्तीव्यक्तींत भेदभाव करू देत नाही, तेव्हा त्या ओळीनंतर तुमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स उरणार नाही. आणि हो, कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर असेल तर ती कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची आहे.

मोठ्यांकडून शिका. या विधेयकाला गूगल आणि मेटा यांनी जाहीर पाठिंबा दिला होता. मुलं तासन्‌तास अडकतात ती कुणाच्या फीडमध्ये, असले कुजकट प्रश्न इथे नकोत. त्यांच्याकडे वकिलांचे मजले आहेत, तुमच्याकडे मेलिंग लिस्ट आहे.

एक करू नका. उत्साहाच्या भरात ओळखपत्रं गोळा करायला लागू नका. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने ऑक्टोबर २०२५ मध्ये कबूल केलं की बाहेरच्या एका सेवापुरवठादाराकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. वय ठरवण्याच्या तक्रारींसाठीच ते मागवले होते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी मोठ्यांनीही काही गमवायला हवंच, पण तो मान मोठ्या कंपन्यांना राहू द्या.

राहता राहिला तुमचा सोर्स कोड. तो उघडा आहे, ही पंचाईत. वय तपासणाऱ्या पाच ओळी बारा वर्षांचं पोर काढून टाकेल आणि पुन्हा कंपाइल करेल, म्हणजे कोडपासून चालणारी सिस्टिम बनवेल. तेव्हा वर स्पष्ट कॉमेंट (कोडमधली टीप) लिहा: 'लहान मुलांनी या ओळी काढू नयेत.' सभ्य भाषेत लिहा, मुलं वाचतात.

वाचतातच. प्रोग्रॅमर ॲरन स्वार्ट्झ हा आरएसएस १.० (संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप पोचवणारा फॉरमॅट) लिहिणाऱ्या गटात होता तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि त्याचा वयोगट कुणी तपासला नव्हता. तुम्ही तो हलगर्जीपणा करू नका. तुमचा वय तपासणारा कोड बाहेर पडला की आठवड्याभरात पहिला पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणीतरी सुचवलेली दुरुस्ती, येईल: २९ फेब्रुवारी २०१२ ला जन्मलेलं मूल १३ वर्षांचं कधी होतं, २८ फेब्रुवारीला की १ मार्चला? तुमचं गणित तिथे चुकलेलं असेल, पाठवणाऱ्या मुलाचं बरोबर असेल, सोबत ते तपासणाऱ्या टेस्टही जोडलेल्या असतील. प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असेल, 'नववीत शिकतो, परीक्षा असल्याने उत्तराला उशीर होईल.' टेस्ट पास झाल्या की मर्ज करा, म्हणजे आपल्या कोडमध्ये सामावून घ्या, आभार माना, आणि आईबाबांच्या सहीसाठी फॉर्म पाठवून द्या. परीक्षा संपल्यावर.