‘स्टिमॅकने भारतीय फुटबॉल बुडवला’ म्हणणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात

‘एका क्रोएशियन माणसाने भारतीय फुटबॉलची वाट लावली’ असा मथळा असलेला मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला. पोरगं कोल्हापुरात पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळतं, शाहू स्टेडियमवर मॅच असली की जेवण विसरतं. तेच आता मला ऐकवतंय, "मामा, कॅम्प-बिम्प काय नसतंय, स्टिमॅकनं ज्योतिषाला विचारून टीम काढली म्हणून आपण हरलो." इथे माझं डोकं फिरलं.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. इगोर स्टिमॅक हा कुणी नाव न ऐकलेला खेळाडू, क्रोएशियानेही हाकललेला. २०१९ ते २०२४ भारताचा कोच असताना त्याने फक्त हार दिली. ज्योतिषामुळे आपलं रँकिंग घसरलं. शेवटी तो कोट्यवधी रुपये घेऊन पळाला. आणि देशी कोच असता तर आपण कुठल्या कुठे असतो.

पहिला दावा एका ओळीत निकालात निघतो. १९९८च्या वर्ल्ड कपात क्रोएशिया तिसरा आला, उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीला ३-० ने झोपवलं, त्या मॅचमध्ये हा माणूस बचावफळीत उभा होता. त्याआधी १९८७ मध्ये युगोस्लाव्हियाच्या पोरांनी चिलीत ज्युनियर वर्ल्ड कप जिंकला, त्यातही तो होता. हायदुक स्प्लिट, काडिझ, डर्बी काउंटी, वेस्ट हॅम. याला ‘नाव न ऐकलेला’ म्हणणाऱ्याने फुटबॉलच कधी ऐकलेला नाही.

क्रोएशियाने कोचपदावरून काढलं हे मात्र खरं आहे, मान्य करतो. २०१४च्या वर्ल्ड कप पात्रता फेरीत शेवटच्या चार मॅचमध्ये मिळून टीमला एकच गुण मिळाला. दोन वेळा तर स्कॉटलंडने हरवलं. तरीही गटात दुसरा नंबर आला होता, आणि त्याच जागेवरून नवा कोच निको कोव्हाचने प्लेऑफमध्ये आइसलँडला हरवून संघ ब्राझीलला नेला. हाकलला, पण घर जाळून गेला नव्हता.

आता ज्योतिषाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त मीठमसाला तिथेच आहे.

मूळ प्रकार खरा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने मेसेजच्या पुराव्यासह बातमी दिली होती. जून २०२२ मध्ये कोलकात्यात आशियाई कपची पात्रता फेरी होती. अफगाणिस्तानच्या मॅचआधी स्टिमॅकने अकरा जणांची नावं एका ज्योतिषाला पाठवली आणि पलीकडून कुणाचा दिवस चांगला, कुणाचा नाही, असे शेरे आले. ज्यांचे ग्रह फिरलेले निघाले ते दोघे सुरुवातीच्या अकरात नव्हते. लाजिरवाणंच आहे हे. महिनोन् महिने घाम गाळलेल्या खेळाडूला पत्रिकेवरून बाकावर बसवायचं असेल तर सराव घ्यायचाच कशाला? यात स्टिमॅकची बाजू मी घेणार नाही. पण ही ओळख भारतीय फुटबॉल महासंघाच्याच तेव्हाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने करून दिल्याचं त्याच बातमीत होतं. फॉरवर्डमधून तेवढंच वाक्य बरं गळलं!

आता तारखा लावून बघा. त्या पात्रता फेरीत भारताने कंबोडियाला २-०, अफगाणिस्तानला २-१ आणि हाँगकाँगला ४-० ने हरवलं. तिन्ही मॅच जिंकून गटात पहिला नंबर. अफगाणिस्तानविरुद्ध ८६व्या मिनिटाला कर्णधार सुनील छेत्रीचा फ्री किकवर गोल, दोन मिनिटांत बरोबरी, आणि भरपाई वेळेत सहल अब्दुल समदचा गोल. ज्योतिषामुळे हरलो म्हणता, तर तेव्हा हरायला हवं होतं! उलट पुढच्या वर्षी जुलैमध्ये रँकिंग ९९ वर पोचलं. ते कोसळलं २०२४ मध्ये.

मग फरक कशाने पडला? २०२२ मध्ये त्या मॅचआधी एप्रिलपासून बेल्लारीत कॅम्प होता. २०२३ मध्ये मेच्या मध्यापासून पोरं भुवनेश्वरला एकत्र होती, म्हणून जूनमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप आणि जुलैच्या सुरुवातीला सॅफ कप (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) हातात आला. (त्याच सॅफमध्ये पाकिस्तानी खेळाडू थ्रो-इन घेत असताना स्टिमॅकने मागून त्याच्या हातातला बॉल उडवला आणि लाल कार्ड घेतलं. तालमीत शोभलं असतं, कोचला नाही.) त्यानंतर आशियाई खेळांना टीम हांगझोला उतरली ती पहिल्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी, आणि चीनकडून १-५ ने हरली. जानेवारी २०२४च्या आशियाई कपला जेमतेम दोन आठवडे मिळाले. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिघांकडून हार, गोल शून्य. कॅम्पचे दिवस मोजा, ग्रह मोजू नका, एवढंच भाच्याला सांगायचंय.

‘फक्त हार’ हेही खोटं. ५३ मॅच, १९ विजय, १४ बरोबरी, २० पराभव. कौतुक करण्यासारखं नाही, पण ‘फक्त हार’ याला म्हणत नाहीत. त्यातला मार्च २०२४ मधला गुवाहाटीचा पराभव मात्र पूर्णपणे त्याच्या खात्यावर टाका. छेत्रीची दीडशेवी मॅच, त्याने गोलही केला, आणि घरच्या मैदानावर अफगाणिस्तानने १-२ ने हरवलं. त्याला कुठलंच कारण चालणार नाही.

दोह्याचं मात्र कुणी बोलतच नाही. ११ जून २०२४, वर्ल्ड कप पात्रतेची दुसरी फेरी, आपल्या छांगतेच्या गोलवर भारत कतारविरुद्ध १-० पुढे. जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत गेलो असतो. ७३व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने बॉल अडवला, तो गोलपोस्टच्या बाजूने लाइनबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात मारला. रेफरीने गोल दिला, त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. १-२ हरलो. सहा दिवसांनी स्टिमॅकची हकालपट्टी.

पैशाचं म्हणाल तर पळाला कुठून? महासंघानेच त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला होता, मग मध्येच काढलं, आणि ४ लाख डॉलरवर तडजोड केली. तिसरी फेरी गाठली नाही तर स्वतःहून जाईन, असं तो आधी बोलला होता आणि गेला नाही, ही टीका रास्त आहे. पण सही करणाऱ्यांना मेसेजमध्ये एक शब्द नाही.

राहिला देशी कोच. स्टिमॅकनंतर आधी स्पॅनिश मनोलो मार्केझ आला. त्याला आठ मॅचमध्ये एकच विजय मिळाला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये आपला खालिद जमील आला, ज्याने ऐझॉलसारख्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. सुरुवातही चांगली केली, मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरा नंबर काढला. आणि १४ ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याला, छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावर सिंगापूरने १-२ ने हरवलं. २०२७च्या आशियाई कपचं दार बंद. खालिदला दोष देऊ नका. ऑक्टोबर उजाडला तरी त्या वर्षीचा इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरूच झाला नव्हता, लीग चालवायच्या हक्कांचा करार लटकलेला होता. स्टिमॅकला जाऊन तोवर सव्वा वर्ष उलटून गेलं होतं.