आर-स्क्वेअर ०.९९ आला, म्हणून काय झालं?

धान्य आणि चाऱ्यावर जवळ-अवरक्त प्रकाश टाकून प्रथिनांसारखे घटक मोजणाऱ्या एनआयआर यंत्रांबद्दल तीन विधानं सतत पुढे केली जातात. आर-स्क्वेअर (भाकितं प्रत्यक्ष मूल्यांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९९ असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रकाशाच्या नोंदीवरून घटकाचं प्रमाण सांगायला मॉडेलला शिकवणं, उत्तम. प्रत्यक्ष आणि भाकीत मूल्यांच्या आलेखाचा उतार १च्या जवळ असेल तर संवेदनशीलता उत्तम. आणि काहीही केलं तरी मॉडेल संदर्भ पद्धतीहून, म्हणजे ज्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीवरून ते शिकतं तिच्याहून, अचूक होऊच शकत नाही. तिन्ही चूक आहेत, पण दुसऱ्याने घोळ सर्वांत जास्त घातला आहे.

आधी आर-स्क्वेअर. समजा, गव्हातली प्रथिनं मोजताना मॉडेलची चूक ०.३ टक्के आहे. नमुने ८ ते १८ टक्क्यांपर्यंत पसरलेले, प्रमाण विचलन ३, तर आर-स्क्वेअर ०.९९ येतो. गिरणीत येणारा गहू मात्र बराचसा एकसारखा असतो. तिथे प्रमाण विचलन ०.६ धरलं, तर तेवढ्याच चुकीला आर-स्क्वेअर येतो ०.७५. यंत्र तेच, मॉडेल तेच. बदलला तो फक्त गहू.

आता उतार. या आलेखाचे दोन्ही अक्ष टक्क्यांत असतात, त्यामुळे उताराला एककच उरत नाही. संवेदनशीलतेने सांगायला हवं की प्रथिनं १ टक्क्याने वाढली तर सिग्नल किती हलतो. शिवाय पीएलएस (या यंत्रांत नेहमी वापरली जाणारी रिग्रेशनची पद्धत) मॉडेलात, कॅलिब्रेशनच्याच नमुन्यांवर भाकितं उभ्या अक्षावर मांडून रेषा काढली, तर तिचा उतार आर-स्क्वेअरएवढाच येतो. म्हणजे एकच आकडा दोन नावांनी दोनदा मिरवायचा! अक्षांची अदलाबदल केली की उतार बरोबर १ येतो, मॉडेल कितीही सुमार असो.

खरी संवेदनशीलता कुठे असते, हे रसायनशास्त्रज्ञ अव्राहम लॉर्बर यांनी १९८६ मध्ये दाखवलं. घटकाच्या स्पेक्ट्रमचा (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश तो शोषतो, त्या नोंदीचा) जो भाग इतर सर्व घटकांच्या स्पेक्ट्रमना लंब असतो, तेवढाच आपल्या कामाचा. बाकीचा भाग पाणी, स्टार्च यांच्याशी सामायिक. एकाच अडथळ्याच्या घटकाशी ३० अंशांचा कोन असेल तर निम्मा सिग्नल उरतो. १० अंशांचा असेल तर जेमतेम १७ टक्के, आणि यंत्राचा तोच नॉइज (सिग्नलमधली यादृच्छिक थरथर) उत्तरात जवळपास सहापट होऊन उतरतो. संवेदनशीलतेच्या हिशेबाला सोपं सूत्र आहे: १ भागिले रिग्रेशन सदिशाची (मॉडेल प्रत्येक तरंगलांबीला देतं त्या वजनांच्या यादीची) लांबी. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००६च्या तांत्रिक अहवालातही हेच आहे.

पीएलएसमध्ये प्रत्येक वाढीव फॅक्टरबरोबर (स्पेक्ट्रममधल्या अनेक तरंगलांबी एकत्र करून मॉडेल बनवतं त्या एकेका चलाबरोबर) ही लांबी वाढते. त्यामुळे आर-स्क्वेअर ०.९७वरून ०.९९वर न्यायला जो फॅक्टर चढवत जातो, तो स्वतःच्या हाताने संवेदनशीलता खाली आणत असतो. (दोन यंत्रांची संवेदनशीलता थेट ताडून पाहू नका, स्पेक्ट्रमचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घेतलं की एककंच बदलतात. तिला नॉइजने भागा. त्या भागाकाराचा व्यस्त टक्क्यांत येतो आणि प्रथिनांतला किती बारीक फरक ओळखता येईल ते सांगतो. माहितीपत्रकात मला हा आकडा वाचायला आवडेल.)

परिशुद्धतेबद्दल, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजल्यावर निकाल एकमेकांच्या किती जवळ येतात त्याबद्दल, एवढंच: कप न हलवता दहा वेळा स्कॅन केल्याने यंत्राचा नॉइज कळतो, मापनाची परिशुद्धता नाही. त्यासाठी दर वेळी कप रिकामा करून नमुना नव्याने भरायला हवा.

राहिलं तिसरं विधान. कॅलिब्रेशनमध्ये केल्डालचे (प्रथिनं मोजण्याच्या प्रयोगशाळेतल्या संदर्भ पद्धतीचे) शेकडो निकाल एकत्र येतात, तेव्हा त्यांतल्या यादृच्छिक चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. पण मॉडेलची परीक्षा पुन्हा केल्डालशीच तुलना करून होते, म्हणून केल्डालची चूकही मॉडेलच्याच नावावर पडते. दिसणारी चूक ०.२५ आणि केल्डालची ०.२० असेल, तर वर्गांची वजाबाकी करून मॉडेलची स्वतःची चूक ०.१५ निघते, संदर्भाहून कमी. हे लागू होतं ते फक्त यादृच्छिक चुकांना. केल्डाल मोजतं नायट्रोजन. गव्हासाठी त्याला ५.७ने गुणतात. कुणी सवयीने ६.२५ने गुणलं, तर मॉडेल तेही इमानेइतबारे शिकेल, १२ टक्के प्रथिनांचा गहू सुमारे १३.२ दाखवेल, आणि आलेखात त्याचा मागमूसही दिसणार नाही.