जुन्या मशीनवर एडिटर अपडेट करण्याआधी हे वाचा

आमच्या डीटीपीच्या दुकानात एक विंडोज ७ चं मशीन अजून रोज चालतं. ते का बदलत नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर मशीनच्या पाठीमागे आहे. आमच्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी चावी) प्रिंटरच्या त्या रुंद पोर्टात बसतो आणि नव्या मशीनला तसं पोर्टच नसतं. कित्येक वर्षांच्या स्मरणिका आणि दिवाळी अंक पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत, आणि पेजमेकरला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत, कळत नाही.

लेखकांचा मजकूर मात्र आता युनिकोडमध्येच येतो. तो आधी टेक्स्ट एडिटरमध्ये साफ करायचा, मग कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये न्यायचा. हे साफ करणं म्हणजे नुसत्या जादा स्पेस काढणं नव्हे. 'दुसऱ्या' हाच शब्द घ्या. कुणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा राहून जातो, आणि राहिलेला कन्व्हर्टरमधून भलताच होऊन बाहेर पडतो. अशा गोष्टींसाठी मी गेल्या चार वर्षांत ६० च्या वर मॅक्रो (ठरावीक बदल एका झटक्यात करणाऱ्या साठवलेल्या आज्ञा) जमवले होते. सगळे त्या एका एडिटरमध्ये.

गेल्या महिन्यात लॅपटॉपवर त्याची नवी आवृत्ती आली. दोन्हीकडे एकच आवृत्ती असावी म्हणून तोच इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून जुन्या मशीनवर चालवला. (ते मशीन मी नेटला जोडत नाही. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, त्यामुळे ही काळजी घ्यायलाच हवी.) इन्स्टॉलरने काही विचारलं नाही. जुनी आवृत्ती काढली, नवी बसवली, 'पूर्ण झालं' म्हणाला. आयकॉनवर क्लिक केलं तर एक छोटी चौकट आली: अमुक एंट्री पॉइंट कर्नेल३२.डीएलएलमध्ये सापडत नाही. म्हणजे नवा प्रोग्रॅम विंडोजकडे जे काम मागतोय, ते या विंडोजमध्ये नाहीच. एडिटर उघडेना. आत न सेव्ह केलेले ११ टॅब होते, त्यात एका दिवाळी अंकाचे तीन लेख.

जुन्या विंडोजला कायम सांभाळत बसा, असं माझं म्हणणं नाही. आजचे कितीतरी एडिटर इलेक्ट्रॉन नावाच्या तयार सांगाड्यावर बांधलेले असतात, आणि इलेक्ट्रॉन क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर. क्रोमियम १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ वर चालत नाही, इलेक्ट्रॉननेही २३ व्या आवृत्तीपासून ते सोडलं. बनवणाऱ्यांच्या अडचणी मला समजतात. पण आधी तपासायला काय हरकत होती? विंडोज ७ चा आतला क्रमांक ६.१ आहे, तो कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येतो. इन्स्टॉलर बनवायच्या इनो सेटअप या साधनात तर 'मिनव्हर्जन' नावाची एक ओळ लिहिली की इन्स्टॉलर चुकीच्या मशीनवर सुरूच होत नाही. चालती गोष्ट काढून टाकण्याआधी नवी चालणार का, एवढं पाहणं हे इन्स्टॉलरचंच काम आहे. आणि जुन्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती डाउनलोडच्या पानावर ठळक ठेवावी. मला ती शोधायला पाऊण तास लागला.

'नवीन मशीन घ्या' हे सांगणं फार सोपं आहे. गावोगावच्या छोट्या प्रेस आणि वाचनालयं अशाच मशीनवर चालतात, आणि त्यांच्यावरच आपला बराचसा मराठी मजकूर छापला जातो.

टॅब अखेर सापडले. अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये एडिटरच्या नावाच्या फोल्डरात बॅकअप होता, तिथून ११ च्या ११ फायली उचलल्या. हा फोल्डर लपवलेला असतो, रन चौकटीत %अ‍ॅपडेटा% हे इंग्रजीत लिहिलं की उघडतो. मॅक्रोची फाइल मात्र नव्या इन्स्टॉलरने कोरी करून ठेवली होती. ते मी आता एकेक करून पुन्हा लिहितोय, आज २३ झाले. तुमच्यापैकी कुणी र्‍य, र्‍ह चे बदल मॅक्रोत बांधून ठेवले असतील तर पाठवा.