पहाटे तीनची ओसरी

इंग्लंडमध्ये माझ्या डॉक्टरांनी नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मला यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराची ओसरी आठवली. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, मन उदास होते का, झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा जिवाची तगमग, आणि शेवटी, जगणे नको असे वाटले का, असे ते प्रश्न होते. मी माझी उत्तरे लिहीत होतो; पण पहिल्या आठ प्रश्नांची मोठेबाबांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, उत्तरेही मला माहीत होती.

काही महिन्यांपूर्वी पोळ्याला मी गावी गेलो होतो. मोठेबाबा रोज पहाटे तीनला उठून ओसरीवर बसत आणि आम्ही तो शेतकऱ्याचा कष्टाळूपणा समजत होतो. प्रत्यक्षात अवेळी झोप मोडणे आणि पहाटे मन सर्वांत जड असणे हे नैराश्याचे ओळखीचे लक्षण आहे. अर्धी भाकर टाकून ते "मले काही गोड नाही लागत" म्हणत, तर मोठी आई, म्हणजे माझी काकू, पित्ताचे औषध देई. ज्यांच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची लोककवने, ऐकायला गाव तोरणापाशी थांबायचे, त्यांनी त्या वर्षी बैलांची शिंगेसुद्धा रंगवली नाहीत, जोडी गोठ्यातच राहिली. गाव त्याला माज म्हणाले आणि आम्ही घरचे आळस.

गावाकडची चर्चा मी इथून वाचतो आणि फोनवर ऐकतो. ती कापसाचा भाव, कर्जमाफी, बोंडअळी आणि आत्महत्येचे प्रकरण सरकारी मदतीला पात्र ठरले की अपात्र, यांभोवती फिरते. हे प्रश्न खरे आहेत, आणि मानसिक आजाराचे नाव पुढे करून सरकार भावाच्या प्रश्नातून अंग काढून घेईल, ही भीतीही मला निराधार वाटत नाही. परंतु एक लाखाच्या मदतीसाठी सातबारा आणि थकीत कर्ज तपासले जाते ते माणूस गेल्यानंतर. डबक्यातल्या डासांमुळे हिवताप झाला म्हणून ताप खोटा ठरत नाही. डबके बुजवावे लागते आणि तापावर औषधही द्यावे लागते.

इथली पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मात्र मला वाटत नाही. इथे माणूस स्वतः डॉक्टरांकडे गेला तरच प्रश्नावली पुढे येते. मी आठ दिवस दिसलो नाही तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. मोठेबाबा पारावर आले नाहीत, हे दुसऱ्याच दिवशी साऱ्या गावाला ठाऊक होते, फक्त त्याचा अर्थ कोणाला लागला नव्हता. तो अर्थ गावातल्याच माणसांना शिकवता येतो, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमाने दाखवून दिले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आपल्याच विदर्भातला हा अनुभव कर्जमाफीच्या वादात कोणी काढत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नावली भरली त्या रात्री मी चुलतभावाला फोन करून मोठेबाबांना विचारायचा एकेक प्रश्न सांगितला. नवव्या प्रश्नाशी तो अडला. असे विचारून आपणच नको ते त्यांच्या मनात भरवू, अशी त्याला भीती वाटत होती. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट आधीच आलेला बोलून दाखवायला वाट मिळते, हे मी त्याला समजावले. त्याने विचारले, आणि मोठेबाबा बराच वेळ रडले. दुसऱ्या दिवशी तो त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. (कोणाला दवाखाना दूर पडत असेल, तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीत आणि विनाशुल्क बोलता येते.)

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यानंतरही त्या निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात, हे डॉक्टरांनी मोठ्या आईला दोनदा बजावले होते. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला. काल ते पाचपर्यंत झोपले, एवढेच ती म्हणाली.