“एका गोळीत कॅन्सरची भीती गायब”? तो मेसेज जरा नीट वाचू

मेसेज सगळ्यांना आलाच असेल, “मॅजिक मशरूमच्या एकाच डोसने 80% कॅन्सर पेशंट बरे, कंपन्या हे दडपतायत, नैसर्गिक आहे, घरीच घ्या.” यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो जास्त धोकादायक वाटतो.

“80% बरे” – कॅन्सर कोणाचाच बरा झाला नाही, तो विषयच नव्हता. 2016 ला अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 51 कॅन्सर पेशंटवर सायलोसायबिनचा (मॅजिक मशरूममधलं मनावर परिणाम करणारं द्रव्य) अभ्यास केला, मरणाची धास्ती आणि डिप्रेशन यासाठी, आणि सहा महिन्यांनी सुमारे 80% लोकांचा त्रास बराच कमी झालेला दिसला. भारी आहे, मान्य. पण तुलनेसाठी ज्यांना आधी अगदी छोटा डोस दिला होता, त्यांनाही तोपर्यंत मोठा डोस देऊन झाला होता, म्हणजे तुलनेला कोणी उरलंच नव्हतं! त्यात मोठा डोस मिळाला की पेशंटला ते कळतंच, मग औषधाचा परिणाम किती आणि अपेक्षेचा किती हे वेगळं कसं काढणार? त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 29 जणांवर असाच अभ्यास झाला, तिथे तुलनेसाठी नायसिन (एक जीवनसत्त्व) दिलं, तरी ही अडचण सुटली नाहीच.

“एकच डोस पुरे” – अभ्यासांत डोसच्या आधी कित्येक तास थेरपिस्टशी बोलणं, मग दिवसभर खोलीत दोन माणसं सोबत, नंतर मनात जे वर आलं त्यावर पुन्हा बोलणं. हे सगळं गाळून नुसती गोळी उचलायची म्हणजे सर्जन सोडून नुसता चाकू घरी आणण्यासारखं आहे.

“कंपन्या दडपतायत” – उलट कंपन्याच यात पैसे घालतायत, औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2018 ला सायलोसायबिनला डिप्रेशनसाठी ब्रेकथ्रू दर्जा पण दिलाय (हा दर्जा औषधाची तपासणी लवकर व्हावी म्हणून असतो, तो म्हणजे मंजुरी नव्हे, हे पण मेसेजवाले सोयीने विसरतात).

“नैसर्गिक आहे, घरीच घ्या” – हॉपकिन्सने फोनवर 566 लोकांना तपासून अभ्यासात 56 जणांनाच घेतलं, त्यातले 51 डोसपर्यंत पोचले. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाईकांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे मानसिक आजार असतील तर अशा अभ्यासांत घेतच नाहीत, कारण सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) उफाळू शकतो. डोसनंतर बीपी वाढतं, लिथियम (बायपोलरचं औषध) चालू असेल तर फिट आल्याच्या नोंदी आहेत, शिवाय विकतच्या मशरूममध्ये किती औषध आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. भीतीने झोप उडाली असेल तर ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) स्पष्ट सांगा, समुपदेशन आणि डिप्रेशनची औषधं आजही मिळतात. आणि मशरूम आधीच घेतलं असेल तर तेही सांगा, लपवू नका, पुढची औषधं त्यावरून ठरतात.