लॉनमधली इशारा पातळी

सांगलीकराला पाणी फुटांत मोजायची सवय असते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळं मागच्या जुलैत लॉनच्या मधोमध परत तळं साचायला लागलं तेव्हा बायकोनं काय करावं, पोराची जुनी फूटपट्टी चिखलात उभी रोवली, १ इंचावर आणि २ इंचावर लाल नेलपेंटनं रेघा मारल्या, आणि रोज सकाळी चहा घेऊन पायरीवर उभी राहून बातमी द्यायला लागली, "पावणेदोन. कोयनेतनं विसर्ग नाही, तरीबी वाढतंय."

लॉन म्हणजे फार काही नाही हो, वीस बाय पंधरा. मोठ्या हौसेनं मेक्सिकन गवताचं कार्पेट आणून अंथरलेलं. पण मधे परातीएवढा, म्हणजे परातीचा आजोबा म्हणा, साडेतीन फुटांचा गोल खड्डा, मधोमध अडीच इंच खोल. पावसात डास, उन्हाळ्यात मशीन फिरवलं की चाक आत जाऊन पातं कडेचं गवत मुळासकट सोलतं. तीन वर्षं हेच. यंदा मे महिन्यात म्हटलं बास, लेव्हल करायचं म्हणजे करायचं.

पहिला सल्ला मेव्हण्याचा. तो इंजिनियर. "दाजी, मोबाईलमध्ये लेव्हल येतं की" म्हणून त्यानं फोन गवतावर उताणा ठेवला, शून्य अंश दाखवलं. म्हणजे लॉन एकदम सपाट. मग लक्षात आलं, फोनला मागं कॅमेऱ्याचं टेंगूळ आहे, त्या टेंगळानं आमचा उतार बरोबर खाल्ला होता.

दुसरा सल्ला गवंडीमामांचा. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, बुडबुडे टिचक्या मारून काढले, एक टोक जोत्याला धरलं, दुसरं माझ्या हातात, आणि अर्धा तास मला लॉनभर फिरवलं. शेवटी म्हणाले, "मालक, सपाट करून चालत न्हाई. घरापासनं लांब दहा फुटाला एक-दीड इंच उतार पायजे, न्हाईतर पाणी पाहुण्यासारखं हॉलमध्ये येतंय." हे मात्र पटलं.

आता माल. खड्ड्याला लागणार फार तर पाच-सहा घमेली. पण वाळूवाला अर्ध्या ब्रासच्या खाली गाडी हलवत नाही, आणि अर्धा ब्रास म्हणजे ५० घनफूट! संपूर्ण लॉनवर अर्धा इंच पसरली तरी साडेबारा घनफूट लागते. उरलेला ढिगारा गेटपाशी. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मांजरांना ही आनंदाची बातमी कळली. आणि ती पण क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तिची पूड नुसतीच टाकली तर दाबून फरशीसारखी बसते, म्हणून नदीकाठची मळीची माती आणि गांडूळखत आणून, चाळून, कालवून घेतलं.

या सगळ्या काळात आमचे नाना व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. पेपर खाली करून एकदाच म्हणाले, "पुरायची न्हाई." मी म्हटलं नाना, अर्धा ब्रास आहे. त्यांनी पेपर परत वर केला.

उथळ जागेचं काम सोपं असतं, अर्धा इंच मिश्रण पसरायचं, झाडूनं पातींच्या आत घालवायचं, शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत, गवत पूर्ण गाडलं की मेलं. पण खोल खड्ड्याला हे चालत नाही, तिथं ऑपरेशन. फावड्यानं गवतावर फुलीसारखे दोन काप द्यायचे, चारही कोपरे पाकिटासारखे उलगडायचे, खाली माती भरायची, चोपायची, गवत परत मिटायचं. पुरणपोळी उलटताना फाटते ना, तसं दोनदा झालं. चोपण्यानं चोपताना मात्र आवाज जरा पोकळ आला. मला वाटलं माझीच कंबर वाजली. कमरेचं सोडा, संध्याकाळी लॉन असं दिसत होतं की पोरगा म्हणाला, पप्पा, कॅरम खेळायचा का यावर?

त्याच रात्री वळीव. वळवाला तारीख विचारून काम करायला पाहिजे होतं, हे मान्य. सकाळी वरची निम्मी वाळू रस्त्यावर, पण खड्डा भरलेला होता! मी परत डागडुजी केली. आमची काळी माती, तिचा काय भरवसा, उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की स्कूटरची किल्ली जाते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळं थोडं वरखाली होणार हे धरून चाललो होतो.

जुलै आला. तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी बायको पायरीवर. "सव्वादोन. धोका पातळी ओलांडली."

मी छत्री घेऊन गेलो. तोच खड्डा, तिथंच, तसाच गोल, कंपासनं काढल्यासारखा. मी नानांकडं बघितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"गोलच असणार की. तिथं शोषखड्डा हुता आपला. ड्रेनेजची लाईन आल्यावर बुजवला."

"नाना, हे तीन वर्षांत बोलला नाहीत?"

"मला कोण इचारतंय? तुमी मोबाईलला इचारला."

"किती खोल होता?"

"आठ फूट. मुरूम महाग पडत हुता, मग काय घरात आसंल ते टाकलं. नारळाच्या झावळ्या, शेवग्याचं खोड, पालापाचोळा, आन् ती एक गादी." म्हणजे गेली कित्येक वर्षं हे सगळं खाली निवांत कुजत होतं आणि वरची माती मान टाकत होती, आणि मी वरनं घमेली ओतत होतो.

आतनं भांड्यांचा आवाज थांबला. आई पदराला हात पुसत दारात आली.

"कुठली गादी? माझ्या माहेरची? ती लाँड्रीवाल्यानं हरवली म्हणालेला न्हवं तुमी?"

नानांनी पेपर वर केला. उलटा होता.